खरखर: पाचपैकी चार

माझ्या मराठी कार्यक्रमाला अख्ख्या जपानात एकच खात्रीचा श्रोता होता आणि त्याला मराठीतला एक शब्द कळत नव्हता.

बाकीचे श्रोते असतीलही. आमच्या कोतो भागात पुण्या-मुंबईची माणसं पुष्कळ. भेटली की सगळी म्हणायची, "अगं, तुझा रेडिओ ऐकायचाय एकदा!" पण शनिवारी सकाळी दहाला कुणाच्या मुलाचा पोहण्याचा क्लास असायचा, कुणाला डाळ-तांदूळ आणायला जायचं असायचं. माझा नवरा तर त्या वेळी झोपलेला असायचा. सॉफ्टवेअरवाल्यांचा शनिवार अकराला उगवतो. लेकीला माझा कार्यक्रम म्हणजे आईची घरातली बडबड बाहेर ऐकू जाण्याचा प्रकार वाटायचा, त्यामुळे ती लाजून दार लावून घ्यायची.

आमचं स्टेशन बाजारगल्लीत, तोफूच्या दुकानाच्या वर होतं. स्टुडिओ आमच्या पुण्याच्या स्वयंपाकघराएवढा. एफएमवरचा आवाज इतका लांब जायचा की कालव्यावरचे दोन पूल ओलांडले की तो संपलाच. मी तिथे गेले होते ते कचऱ्याचं वेळापत्रक इंग्रजीत मिळतं का ते विचारायला. स्टेशनच्या मॅनेजरबाईंनी ते दिलं, चहा दिला आणि बाहेर पडेपर्यंत परदेशी रहिवाशांच्या वेळेतला महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार माझ्या गळ्यात मारला होता. बाई पन्नाशीच्या, अतिशय नम्र. इतकं नम्रपणे कुणी काही गळ्यात मारलं की सुटता येत नाही. अर्धा तास मराठी. पहिली दहा मिनिटं कामाची माहिती, म्हणजे कुठला कचरा कुठल्या वारी, लशीचं पत्र आलं तर काय करायचं. उरलेली वीस मिनिटं मला वाटेल ते.

आणि मला वाटायचं पुष्कळ. मी जीन्स-टीशर्टवर, हातात आईच्या हट्टाखातर घातलेल्या काचेच्या चार-चार बांगड्या, अशी माइकसमोर बसायचे आणि सुटायचे. कोथिंबिरीची एवढीशी जुडी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकतात याबद्दल चिडायचे. शेजारच्या बाई वाकून वाकून माफी मागत तक्रार करतात, तेव्हा भांडण कसं सुरू करायचं, असं विचारायचे. हातवारे केल्याशिवाय मला बोलता येत नाही आणि समोर फक्त माइक आहे म्हणून हात काही थांबायचे नाहीत.

पहिल्या कार्यक्रमानंतर चार दिवसांनी पोस्टकार्ड आलं. मॅनेजरबाईंनी ते दोन्ही हातांनी माझ्यासमोर धरलं. पत्र कसलं, गुणपत्रिकाच होती ती. आवाजाचा जोर, दुसऱ्या स्टेशनांची लुडबुड, खरखर, चढउतार आणि एकूण, अशा पाच गोष्टींना पाचपैकी गुण दिले होते. पाच म्हणजे उत्तम. त्याखाली, आपण खरंच ऐकलं याचा पुरावा म्हणून मिनिटामिनिटाची जपानीत नोंद, कानावर पडलेला मराठी शब्द जसाच्या तसा.

"१०:११. ‘कोथिंबीर’ हा शब्द, तीन वेळा. १०:१२. बाई हसते. १०:१९. बाई रागावली आहे, असे वाटते."

बाईंनी समजावून सांगितलं. रेडिओ लावून असा अहवाल पाठवायचा आणि स्टेशनने नोंदी ताडून पाहून, शिक्का मारून एक चित्राचं कार्ड उलट पाठवायचं, हा इथल्या जुन्या शौकिनांचा रिवाज. लांबलांबची स्टेशनं पकडायची आणि कार्डं जमवायची. "हा अहवाल बरोबर आहे का, ते फक्त तुम्हीच तपासू शकता," बाई म्हणाल्या. मी रेकॉर्डिंग लावून बसले. दहा वाजून अकरा मिनिटांनी मी तीनदा कोथिंबीर म्हणाले होते. दहा एकोणीसला मी खरंच रागावले होते. मी शिक्का मारला आणि का कोण जाणे, मला फार आनंद झाला. माझ्या सख्ख्या नवऱ्याने माझं बोलणं कधी इतक्या लक्षपूर्वक ऐकलं नव्हतं.

पत्ता पाहिला तर आमच्याच वसाहतीतला. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे आजोबा. एकटेच असायचे. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम केलेलं, हे मला नंतर कळलं. त्यांना मी ओळखत होते ती काइरानबानमुळे. काइरानबान म्हणजे वसाहतीच्या सूचनांची फिरती पाटी. कागद लावलेली ती पाटी एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जाते. आपण वाचायचं, शिक्का उमटवायचा आणि पुढच्या घरी पोचवायची. आमच्या जिन्यातलं शेवटचं घर माझं. माझ्यानंतर पाटी जायची ती समोर आजोबांकडे. मी ती त्यांच्या दाराच्या मुठीला अडकवून यायचे.

अहवाल सुरू झाल्यावर आमच्यात संभाषणही सुरू झालं. आजोबा सायकलपाशी भेटले की थांबायचे, वाकायचे आणि म्हणायचे, "अनाउन्सर-सान, शनिवारी सिग्नल चांगला होता." मी म्हणायचे, "तुमच्यामुळेच." ते घाईघाईने हात हलवत म्हणायचे, "नाही नाही, हवामानामुळे." झालं. एवढंच. पण त्या एवढ्याशावर माझा दिवस चांगला जायचा.

एक गोष्ट मात्र मला खुपायची. खरखरीला आजोबा कायम चार गुण द्यायचे. पाच, पाच, चार, पाच आणि त्यामुळे एकूण चार. दर वेळी हेच. पैकीच्या पैकी न मिळाल्याचा राग मला शाळेपासून येतो. एकदा मी फायलीत शोधलं, तर नेपाळी बाईंच्या कार्यक्रमाला आजोबांनी खरखरीचे पाच दिले होते. त्याच माइकवर, त्याच खुर्चीवरून! मी मॅनेजरबाईंना वायरी तपासायला लावल्या. त्यांनी वायर बदलली, माइकचा दांडा घट्ट केला, हेडफोन लावून डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "मला तरी वावगं काही ऐकू येत नाही." पुढच्या कार्डावर पुन्हा चार. नवरा म्हणाला, "त्यांना तूच खरखर वाटत असशील." त्या दिवशी मी त्याच्या डब्यात भाजी मुद्दाम कमी घातली.

दोनेक वर्षं असं चाललं. मग आमच्या स्टेशनला डिजिटलचं वारं लागलं. तिकडे मोठमोठी स्टेशनं जुन्या लहरी सोडून एफएमवर येत होती, तर आमचं पिटुकलं स्टेशन एफएमवरून नेटवर पाय पसरायला निघालं. मॅनेजरबाईंनी बैठकीत फळ्यावर चित्र काढून दाखवलं. एफएमवर फक्त मुख्य कार्यक्रम राहणार. बाकी सगळ्यांसाठी नवे तीन सबचॅनेल, फोनच्या अ‍ॅपवर ऐकायचे. ज्यांना फोन जमत नाही त्यांना हवेतूनच नेट पकडणारा एक छोटा सेट मिळणार. तिसरा सबचॅनेल आमचा, परदेशी भाषांचा. अर्ध्या तासाचा एक तास होणार, कार्यक्रम पुन्हापुन्हा लागणार आणि जगात कुठेही ऐकू येणार.

जगात कुठेही म्हणजे पुण्यात! मी घरी येऊन आईला फोन केला. "म्हणजे मला इथे बसून तुझं ऐकता येईल?" आईने तीनदा विचारलं. मी तीनदा हो म्हटलं. त्या आठवड्यात मी हवेतच होते. सगळ्या नातेवाइकांना अ‍ॅप कसं घ्यायचं ते शिकवलं. कुणाकुणाचं ऐकायचं राहील, ते मात्र माझ्या डोक्यातही आलं नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते.

एफएमवरचा माझा शेवटचा शनिवार झाला. चार दिवसांनी आजोबांचं कार्ड आलं. पाच, पाच, चार, पाच, चार. खाली पहिल्यांदाच एक प्रश्न होता. "कार्यक्रमाच्या शेवटी जपानीत सांगितलेत की पुढच्या वेळेपासून जागा बदलणार. नवी फ्रीक्वेन्सी कळवावी. पहिल्या कार्यक्रमापासून एकही अहवाल चुकलेला नाही."

मला वाटलं, यांना माहीत कसं नाही? नव्या सेटची सूचना तर वसाहतीत फिरली होती. अर्ज भरून द्यायचा, म्हातार्‍या माणसांना सेट फुकट. काइरानबानला लावली होती ना ती...

मी घरी धावले. चपलांच्या कपाटावर, लेकीच्या शाळेच्या कागदांखाली, काइरानबान पडली होती. आमच्या घरी येऊन तिला तीन आठवडे झाले होते. लेकीने तेव्हा हाकही मारली होती, "आई, काइरानबान!" आणि मी फोनवर कुठल्या तरी मावशीला अ‍ॅप शिकवत हाताने खूण केली होती, ठेव तिथे. सगळ्यात वर तोच अर्ज होता. मुदत उलटून दहा दिवस झाले होते. ज्या एका माणसाला ती सूचना हवी होती, त्याच्याच दारात ती पोचवायचं काम माझं होतं आणि ते मी केलं नव्हतं.

मी अर्ज घेऊन मॅनेजरबाईंकडे गेले. त्यांनी तो वाचला, मान तिरकी केली, दातांमधून हवा आत ओढली आणि म्हणाल्या, "कठीण आहे." इथे ‘कठीण आहे’ म्हणजे नाही. सेट वाटून झाले होते, पुढचे शरद ऋतूत येणार होते. शरद म्हणजे निदान दहा कार्यक्रम. दहा अहवाल. मी म्हटलं, "त्यांचा एकही चुकलेला नाही हो." बाई खाली बघत म्हणाल्या, "शिवाय डिजिटलला अहवाल लागत नाहीत. खरखर नाही, लुडबुड नाही. ते लिहिणार काय?"

पण आम्हा बोलणार्‍यांना स्टेशनने एकेक सेट दिला होता. मी बेसनाचे लाडू केले, ते नीट खोक्यात भरले, कारण इथे माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत. रविवारी दुपारी माझा सेट आणि ती मेली पाटी घेऊन मी समोरच्या इमारतीत गेले.

आजोबांनी आत बोलावलं. एका भिंतीला रेडिओच रेडिओ. बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दांडीवरून अँटेनाची तार नेलेली. टेबलावर वही, टोक केलेल्या तीन पेन्सिली आणि सेकंदकाट्याचं घड्याळ. मी गुडघ्यांवर बसून वाकले आणि सगळं सांगितलं. पाटी माझ्याकडे पडून राहिली, तुमचा सेट माझ्यामुळे गेला, चूक सर्वस्वी माझी. इतकी खालमानेची माफी मी आयुष्यात कुणाची मागितली नसेल. आजोबा म्हणाले, "तीन आठवडे? तरीच. मला वाटलं, हल्ली वसाहतीत काही घडतच नाही."

मी सेट पुढे केला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला.

"यात सुई कुठे आहे?"

"सुई नाही. बटण दाबलं की लागतं."

"अँटेना कुठे फिरवायचा?"

"नाही फिरवावा लागत."

आजोबांनी सेट टेबलावर, पेन्सिलींशेजारी ठेवला. मग अगदी साधेपणाने म्हणाले, "मग मी काय करायचं?"

मी पटकन म्हणून गेले, "ऐकायचं!" आणि जीभ चावली. दोन वर्षं या माणसाने दुसरं काय केलं होतं?

ते म्हणाले, "अनाउन्सर-सान, रेडिओ लागतो किंवा लागत नाही, त्याच्या मधल्या जागेत माझं काम असतं. यात मधली जागाच नाही. मी लिहिणार काय?" मॅनेजरबाईंचाच प्रश्न. मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, "तुम्ही काहीही लिहा. नुसते पाच-पाच लिहा. शिक्का मी मारीन, कार्ड मी पाठवीन. पण तुम्ही ऐकत नसाल तर मी तिथे कुणाशी बोलू?" पुण्यातले ते सगळे नातेवाईक त्या क्षणी मला आठवलेसुद्धा नाहीत.

आजोबांनी घसा खाकरला, लाडूचं खोकं बाजूला सरकवलं आणि बटण दाबलं. तिसर्‍या सबचॅनेलवर माझाच जुना कार्यक्रम पुन्हा लागला होता. आवाज असा स्वच्छ की मलाच दचकायला झालं. तास संपताना त्याच सेटवर मुख्य चॅनेलचे वेळेचे टोले त्यांनी मुद्दाम लावून ऐकले आणि घड्याळाकडे पाहिलं. टोले घड्याळाच्या मागे होते. डिजिटलमध्ये आवाज फिरून येतो, त्याला उशीर होतो. आजोबांचा चेहरा उजळला. त्यांनी फरक मोजला आणि वहीत लिहिलं, "उशीर: सत्तावीस सेकंद."

"हे लिहिता येईल," ते म्हणाले.

पुन्हा तिसरा सबचॅनेल लावला. मी रेडिओवर काहीतरी तावातावाने सांगत होते. निघायचं म्हणून मी त्यांनी दिलेल्या चहाचा रिकामा पेला उचलून बशीत ठेवला. आजोबांची पेन्सिल मध्येच थांबली. त्यांनी रेडिओकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, मग पुन्हा रेडिओकडे. मला वाटलं, पेला जोरात ठेवला की काय मी.

पुढच्या शनिवारी सबचॅनेलवरचा पहिला कार्यक्रम झाला. बाहेर पडले तर फोनवर अंगठ्यांचा पाऊस. मामा, मावश्या, नणंद, सगळ्यांनी ऐकलं. आईने फोन करून सांगितलं, "छान बोललीस, पण जरा सावकाश बोलत जा." नवर्‍यानेसुद्धा पांघरुणातून फोनवर ऐकलं म्हणे. मी सगळ्यांना थँक्यू म्हटलं आणि कार्डाची वाट बघत बसले. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी कार्ड नाही, पाकीट आलं.

आत नेहमीचा अहवाल. पाच, पाच, पाच, पाच, पाच. उशीर सत्तावीस सेकंद. सोबत एक वेगळा कागद, रेघा आखून लिहिलेला.

"माफीपत्र. आपल्या कार्यक्रमात पहिल्या दिवसापासून एक बारीक किणकिण ऐकू येई. एफएमवर ती कुठून येते, हे शोधण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. अँटेना फिरवला, तार बदलली, शेजारच्या यंत्रांचा संशय घेतला. रविवारी आपण पेला ठेवलात तेव्हा कळले की त्या आपल्या हातातल्या बांगड्या आहेत. मी त्यांना खरखर समजून गुण कापत आलो. कृपया आतापर्यंतच्या माझ्या सर्व अहवालांत खरखरीपुढचे चार खोडून पाच करावेत. एकूणही पाच."

मी तो कागद घेऊन मॅनेजरबाईंपुढे धरला. "तुम्हाला हेडफोनमध्ये ऐकू येत होत्या माझ्या बांगड्या?"

"हो, ऐकू यायच्या की."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीत? मी तुम्हाला वायरी बदलायला लावल्या!"

बाई गोंधळल्या. "तुम्ही खरखर म्हणालात. ती खरखर कुठे होती? आम्हाला वाटलं, ते तुमच्या कार्यक्रमाचं संगीत आहे."

मला हसू आवरेना आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. आम्ही दोघींनी बसून फायलीतल्या एकेका कार्डावर चाराचे पाच केले आणि प्रत्येक दुरुस्तीवर शिक्का मारला. त्यात अख्खी दुपार गेली. पुढच्या कार्यक्रमाला मात्र मी शहाणपणा केला. आता पुण्यापर्यंत आवाज जातो, नीट करावं, म्हणून माइकसमोर बसण्याआधी बांगड्या काढल्या, रुमालात बांधल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. कार्यक्रम सुरेख झाला. मामांचे, मावश्यांचे अंगठे आले. आईही म्हणाली, आज सावकाश बोललीस.

आजोबांचं कार्ड या वेळी चौथ्या दिवशी नाही, दुसर्‍याच दिवशी आलं. पोस्टाने नाही. काइरानबानला लावून, पाटी उलट दिशेने माझ्या दाराला अडकवून ते गेले होते. पाच, पाच, पाच, पाच, पाच. मिनिटांच्या नोंदी नव्हत्या. त्या जागी एवढंच होतं:

"बांगड्या ऐकू आल्या नाहीत. सेट तीनदा तपासला. सेट ठीक आहे. तुम्ही ठीक आहात ना?"

मी चपला घातल्या, रुमालातल्या बांगड्या हातात चढवल्या आणि समोरच्या इमारतीकडे निघाले.